लुटुपुटूचं भांडण

नाटकात नसलेलं वाक्य आलं तेव्हा बाईंचा खडू फळ्यावर टेकलेला होता. तो तसाच टेकून राहिला. वाक्य मोठं नव्हतं, मोठ्यानं म्हटलेलंही नव्हतं. उलट त्याआधीचं सगळं इतक्या चढ्या आवाजात चाललं होतं, की आवाज एकदम खाली आल्यावर मागच्या बाकांवरची मुलं ऐकायला पुढं वाकली. "तू तरी कुठं पाहिलं होतंस, ताई?" चित्रकलेचे सर म्हणाले. "आई झोपेत गेली म्हणून मी सांगितलं, तेही मानलंसच ना." आणि आपल्याच हातून काही सांडावं आणि माणसानं ते बघत राहावं, तसे ते क्षणभर दारात उभे राहिले आणि निघून गेले. कचऱ्याची टोपली लाथेनं उडवायची राहिली. टेबलावरची लाकडी पट्टी उचलून न्यायची, तीही राहिली.

सातवीच्या नव्या वर्गाला इतिहास सुरू करताना बाई दर वर्षी हा खेळ करत. राजे, लढाया, सनावळ्या सगळं मागाहून, आधी हे. बाई फळ्यावर काहीतरी लिहीत असताना चित्रकलेचे सर दार आपटून आत यायचे, नकाशांची गुंडाळी कुठं आहे म्हणून विचारायचे. बाई म्हणायच्या, मला काय ठाऊक. सर म्हणायचे, तुम्हीच नेलीत. बाई म्हणायच्या, तुम्ही पाहिलंत? पाहिलं नाहीत, तर कशावरून म्हणता? मग दोघांचे आवाज चढायचे, टोपली उडायची, पट्टी जायची, सर जायचे, आणि वर्गात कुणी श्वासही मोठ्यानं घेत नसे. तेव्हा बाई वळून हसायच्या. हे सगळं लुटुपुटूचं होतं, आता काय पाहिलंत ते लिहून काढा. एकाच खोलीतल्या, एकाच वेळी उघड्या असलेल्या डोळ्यांनी इतकं वेगवेगळं पाहिलेलं असायचं, की मुलांना आपलंच हसू यायचं. सरांचा शर्ट कुणाला निळा, कुणाला राखाडी. आधी आवाज कुणी चढवला यावर बाकाबाकांत जुंपायची. त्या हशातच बाई आपलं काम उरकून घ्यायच्या. बघा, हे आत्ता घडलंय, तरी असं. मग फार पूर्वी कुणी लिहून ठेवलेलं वाचताना आधी काय विचाराल? सांगणारा तिथं होता का, की त्यालाही कुणी सांगितलं? लगेच सांगितलं की उशिरा? तसं सांगण्यात त्याचं काही गुंतलं होतं का? आणि दुसरं कुणी तेच सांगतं का? वर्षभर काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

चित्रकलेचे सर बाईंचे धाकटे भाऊ, हे शाळेतल्या भिंतींनाही माहीत होतं. मुलं त्यांना पाठीमागे रंग्या म्हणत आणि बाईंना पाठीमागेही बाईच म्हणत. भाऊबहिणीचं भांडण म्हटल्यावर मुलांना ते चटकन खरं वाटायचं, म्हणून तर बाईंनी या कामाला दुसऱ्या कुणाला घेतलं नव्हतं. शिवाय भाऊ नकला चांगल्या करायचा. मुख्याध्यापिकेचं खाकरणं, शिपाईमामांचं पाय ओढत चालणं, काहीही.

"हे सगळं लुटुपुटूचं होतं," बाईंनी सवयीनं म्हटलं. वाक्य बाहेर पडलं आणि मधेच कशाला तरी अडकल्यासारखं झालं. खिडकीशी बसणारी, सदा पेन्सिल चावणारी एक मुलगी होती. ती उभी राहिली. "बाई, सगळंच?"

"काय सगळंच?"

"सगळंच लुटुपुटूचं?"

"आधी लिही," बाई म्हणाल्या. "पेन्सिल खाऊन झाली असेल तर."

वर्ग हसला. बाईंना बरं वाटलं, की आपल्याला अजून हसवता येतं. मुलं लिहू लागली तशा त्या खुर्चीवर बसल्या आणि टेबलावरची पट्टी उगाच सरळ करू लागल्या. दर वर्षी या वेळेला ती टेबलावर नसायची. तिच्या असण्यानंच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. एरवी याच तासाला कागद वाचून दाखवायचे असत. आज त्यांनी ते गोळा केले आणि उद्या बघू म्हणाल्या.

शिक्षकांच्या खोलीत भाऊ नव्हता. शिपाईमामा चहाचे कप उचलत होते. "सर डोकं दुखतं म्हणून अर्धा दिवस टाकून गेले," ते म्हणाले. मग कप पुसता पुसता, "पोरं सांगत होती, यंदा खरंच जुंपली म्हणून."

"पोरांचं काय ऐकता, मामा."

"मग कुणाचं ऐकायचं? मोठी माणसं तर काही सांगतच नाहीत."

त्याच खोलीत सकाळी काय झालं होतं ते बाईंना तेव्हा आठवलं. शिवणाच्या बाई वडील गेल्यानंतर आज पहिल्यांदा कामावर आल्या होत्या. फार हाल झाले हो, म्हणून त्यांनी डोळ्याला रुमाल लावला, तेव्हा बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, "आमची आई त्या बाबतीत नशिबाची. झोपेत गेली. ना तिला त्रास, ना कुणाला." हे वाक्य त्यांनी आजवर कितीजणांना ऐकवलं होतं याला गणती नव्हती. वापरून वापरून ते जिन्याच्या कठड्यासारखं गुळगुळीत झालं होतं, हात ठेवला की आपोआप खाली उतरावं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला भाऊ पात्यानं पेन्सिलींना टोकं काढत होता. पातं थांबलं होतं. थांबलेलं बाईंनी पाहिलं होतं. पण पाहिलं होतं हे आत्ता, रिकाम्या कपांसमोर उभं असताना त्यांच्या लक्षात आलं. डोळे आपले पाहून ठेवतात, वाचतं माणूस नंतर, असं बाईच वर्गात म्हणायच्या. मुलांना म्हणायच्या.

बाईंचं घर म्हणजे दोन खोल्या, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसभर खालून हवा भरल्याचा आवाज येई, एखाद्या मोठ्या जनावरानं सुस्कारे टाकावेत तसा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारी माणसंही आता थकली होती. आई वर्षातले दोन महिने या खोल्यांत यायची आणि बाकीचे दिवस भावाकडे. तिथं अंगण होतं, माणसं होती, इथं काय, बाई शाळेत गेल्या की भिंतींशी बोलायचं. हा हिशोब कुणी बसून ठरवला नव्हता, तो पाण्यासारखा आपोआप उताराकडे गेला होता. बाईंनी दिवा लावला आणि कागद पुढं घेतले.

एकानं लिहिलं होतं, सर रागानं लालबुंद झाले व त्यांनी बाईंना धक्का दिला. धक्का कुणी कुणाला दिला नव्हता. एकीनं लिहिलं होतं, बाईंनी खडू फेकून मारला पण नेम चुकला. एकानं "रंग्या" लिहून खोडलं होतं आणि खोडलेलं वाचता येईल याची काळजीही घेतली होती. एकीनं लिहिलं होतं, सरांनी टोपलीला जोरात लाथ मारली व पट्टी घेऊन ते निघून गेले. ही पहिल्या बाकावरची, जिचा दादा गेल्या वर्षी याच वर्गात होता. तासभर पट्टी तिच्या नाकासमोर पडली होती. बाई या कागदावर बराच वेळ थांबल्या. शेवटच्या वाक्याबद्दल पुष्कळांनी काहीच लिहिलं नव्हतं. एकानं लिहिलं होतं, सर शेवटी घरचं काहीतरी बोलले, ते आपण लिहायचं नसतं. एकाला वाटलं होतं, सरांची आई आजच वारली आणि ते सांगायला आले होते. आणि पेन्सिल चावणारीनं, जिचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं होतं, लिहिलं होतं: शेवटचं नाटकातलं नव्हतं. कारण आधी सर भांडत बाईंशी होते पण बघत आमच्याकडे होते. शेवटचं बोलताना ते बाईंकडेच बघत होते. आणि बाईसुद्धा ओरडायचं विसरल्या.

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं.

तर मग झोपेत गेली हे कुणी सांगितलं? भावानं. कधी? लगेच, त्याच दिवशी, त्याच्या घराच्या जिन्यात, बाईंच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेताना. तो तिथं होता का? तोच होता, दुसरं कुणी नव्हतं. भावजय बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्या बाळंतपणातली मुलगी आता कॉलेजात जाते. डॉक्टर येऊन गेले असतील, पण ते केव्हाच गाव सोडून मुलाकडे गेले. म्हणजे एकच साक्षीदार. वर्गात कुणी एकाच साक्षीदारावर उत्तर आणलं तर बाई ते परत पाठवत. आणि त्या स्वतः कुठं होत्या? दुसऱ्या शहरात, शिक्षकांच्या शिबिरात. तिथल्याच एका मोठ्या दालनात त्यांनी हे लुटुपुटूचं भांडण पहिल्यांदा पाहिलं होतं. दोन तज्ज्ञ माणसं एकाएकी खुर्च्यांवरून भांडू लागली होती, आणि मग सगळ्या शिक्षकांना कागद वाटले होते. बाईंना ती युक्ती इतकी आवडली, की दुपारच्या जेवणातही त्या तिच्याबद्दलच बोलत होत्या. जेवणानंतर कार्यालयातल्या माणसानं येऊन त्यांना बाजूला बोलावलं होतं. परतीच्या बसमध्ये पिशवीत ते टिपणही होतं, पुरावा कसा तपासावा याचं. पुढं सगळं आटोपल्यावर, काही महिन्यांनी, त्यांनी भावाला म्हटलं होतं, शिबिरात एक छान खेळ शिकले, तू करशील का माझ्याबरोबर? आणि तो, कसला खेळ हे पूर्ण ऐकायच्या आधीच, करू की, म्हणाला होता. तेव्हापासून दर वर्षी तो दार आपटून आत आला होता, आणि दर वर्षी बाईंनी त्याला वर्गासमोर विचारलं होतं, तुम्ही पाहिलंत? पाहिलं नाहीत, तर कशावरून म्हणता?

त्या दिवसाचं त्यांना सगळं आठवत होतं, हीच तर गोष्ट होती. विसरलेलं काहीच नव्हतं. तो जिन्यात समोर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बाईंची हिरवी शाल होती, मागच्या खेपेला त्याच्याकडे राहिलेली. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं इतकं ऊन, आणि हा शाल घेऊन. बाईंना वाटलं होतं, दुःखानं माणसाला हीव भरतं. आईच्या पलंगाशी खुर्ची ओढलेली होती, अगदी उशीला खेटून, जसं कुणी बराच वेळ तिथं बसलेलं असावं. झोपलेल्या माणसाशेजारी कशाला कुणी खुर्ची ओढून बसेल? पाण्याचं भांडं, चमचा, चुरगळलेला टॉवेल. भावाच्या मनगटावर ओरखडे. हे सगळं बाईंनी पाहिलं, आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहून म्हटलं, किती शांत दिसतेय. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीनं पट्टी गेलेली पाहिली, तसंच. तसं सांगण्यात भावाचं काही गुंतलं होतं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्या थांबल्या. मग दुसरा आपणहून पुढं आला, ते मानण्यात आपलं काय गुंतलं होतं, आणि इथं त्या फार वेळ थांबल्या. खालचं दुकान बंद झालं होतं. आई झोपेत गेली असेल, तर बाई शेजारच्या खोलीत असल्या काय आणि दुसऱ्या शहरात असल्या काय, फरक पडत नव्हता. जागेपणी गेली असेल, तर पडत होता. एवढंच होतं सगळं. एवढ्यासाठी, जगातल्या कुठल्याही कागदावर विश्वास न ठेवणाऱ्या बाईंनी एका माणसाच्या एका वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि तो माणूस रोज त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून डबा खात होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी कागद वाचून दाखवले. खडू फेकल्याचं वाचलं तेव्हा हसणं इतकं वाढलं, की शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांनी भिंतीवर थाप मारली. पट्टीचं वाचलं तशी सगळी मुलं पहिल्या बाकाकडे वळली.

"अगं, पट्टी टेबलावरच होती की."

"दादानं सांगितलं होतं, पट्टी नेतात म्हणून," ती मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "तिनं खोटं नाही लिहिलं. काय होणार हे तिला आधी कुणीतरी सांगून ठेवलं होतं, म्हणून तिला ते दिसलं. समोरचं दिसलं नाही. असं..." त्यांनी तो कागद खाली ठेवला. "असं मोठ्या माणसांचंही होतं. तिनं लबाडी केली असती तर सोपं होतं, पकडता आली असती."

पेन्सिल चावणारी उभीच होती. कधी उभी राहिली ते कळलं नव्हतं. "बाई, शेवटचं वाक्य?"

मागच्या बाकांवरची मुलं पुन्हा पुढं वाकली. मुलांना कुठं कान द्यायचा ते बरोबर कळतं.

"नाटकातलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"मग खरं काय झालं होतं?"

"मला माहीत नाही. मी तिथं नव्हते."

"मग कोण होतं?"

"सर होते."

मुलीनं क्षणभर वाट पाहिली, गणितात पुढची पायरी उघड असताना कुणी अडून बसावं आणि आपण त्याच्याकडे बघावं, तशी. "मग सरांना विचारा ना."

"सर आज आलेत, बाई," मागून कुणीतरी मदत म्हणून सांगितलं. "खालच्याच मजल्यावर आहेत."

शाळा सुटल्यावर बाई खाली गेल्या. चित्रकलेच्या खोलीत जमिनीवर रंगांचे जुने डाग होते, भिंतीशी मुलांची चित्रं वाळत घातली होती. कोपऱ्यातल्या मोरीशी उभा राहून भाऊ ब्रश धूत होता. नळ बारीक सोडलेला. बाई बुटक्या स्टुलावर बसल्या. त्या खोलीत सगळंच मुलांच्या मापाचं होतं, गुडघे पोटाशी आले.

"डोकं कसं आहे?"

"डोक्याला काय धाड भरलीय." त्यानं मान वळवली नाही. "ते काल चुकून गेलं तोंडातून. पुढल्या वर्षी पी.टी.च्या सरांना घे नाटकात. आवाज मोठा आहे त्यांचा."

"मी नाटकाचं विचारत नाहीये, छोट्या."

छोट्या हे नाव शाळेच्या इमारतीत आजवर कधी उच्चारलं गेलं नव्हतं. त्यानं ब्रश झटकला. "कशाला आता? इतकी वर्षं झाली. चांगलं चाललंय की तुझं त्या वाक्यावर."

"टोमणा मार हवा तर. पण सांग."

तो बराच वेळ ब्रशचे केस बोटांनी पिळत राहिला. पाणी आधी निळं, मग फिकट, मग नुसतं पाणी. "धाप लागली होती सकाळपासून," तो म्हणाला. "डॉक्टर आले, म्हणाले, हलवण्यात अर्थ नाही, आता जेवढा वेळ असेल तेवढा. तुझ्या शिबिरात फोन लावला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. आणि ती जागी होती, ताई. टक्क जागी. पण मला ओळखेना. हात लावायला गेलो की ओरबाडायची. कोण हा बाप्या, म्हणायची, माझी मुलगी कुठाय? तिला बोलवा. ते एकच. पाणी पाजू देईना."

बाईंनी स्टूल जरा पुढं ओढलं.

"तुझी शाल होती खुंटीला. ती घेतली डोक्यावरून. आणि तुझ्यासारखं बोललो."

"माझ्यासारखं?"

"लहानपणापासून येतं मला. तुझ्यासमोर नाही करत, एवढंच." त्याला जरासं हसू आलं आणि गेलं. "म्हटलं, आई, मी आलेय. लगेच हात धरू दिला. लगेच. पाणी प्यायली. मी खुर्ची ओढली नि बसलो, तू होऊन. मग मला म्हणाली, जवळ ये. कानाशी. म्हणाली, छोट्याला सांगू नकोस हं. पण इथं माझा जीव रमत नाही. मला तुझ्याकडे ने."

नळ चालू होता. त्यानं तो बंद केला, आणि नंतरची शांतता पाहून पुन्हा जरासा सोडला.

"छोट्याला सांगू नकोस, म्हणून छोट्यालाच सांगत होती. इतकी वर्षं माझ्याकडे होती, ताई. तिचं सगळं केलं, आम्ही दोघांनीही केलं. कधी तोंडातून काढलं नाही तिनं. आणि शेवटी हे. मग तू आलीस जिन्यात, तोंड पाहवेना तुझं. काय सांगणार होतो? म्हटलं, झोपेत गेली. तुला बरं वाटलं. मलाही वाटलं, बरं झालं, आता कुणी काही विचारणार नाही. आणि खरंच कुणी विचारलं नाही. तू तर इतिहास शिकवणारी." तो थांबला. "काल सकाळी म्हणालीस, कुणाला त्रास न देता गेली. तेवढं मात्र मला..." त्यानं ब्रश बरणीत उभा केला. मग पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं. "तुझ्याकडे असायची तेव्हा माझ्याबद्दल काही म्हणायची का गं?"

उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. कुठून आलं, कधी जुळलं, कळलं नाही. सबंध, गुळगुळीत, हात ठेवला की उतरावं असं. माझ्याकडे असली की सारखी म्हणायची, मला छोट्याकडे ने. इथं करमत नाही. एवढं म्हटलं की संपलं. त्या दोन खोल्यांत दुसरं कुणी नव्हतं, भिंती काही सांगायला यायच्या नाहीत. त्यानं ते मानलं असतं, मानायला तो आत्ताच अर्धा पुढं झुकला होता. त्याच्या मुलीच्या लग्नात, म्हातारपणी, कधीही, ते वाक्य त्याच्या उपयोगी पडलं असतं. आणि बाईंना एकदम दिसलं, की जिन्यात पिशवी उतरवून घेताना त्याच्याही जिभेवर असंच एक वाक्य आलं असणार, मायेनं भरलेलं, आणि त्याला थांबवायला तिथं कुणी नव्हतं. ते बोलल्यावर तो एकटा पडला होता, इतकी वर्षं.

"नाही," बाई म्हणाल्या. "काही म्हणायची नाही. खिडकीशी बसायची. मीही कधी विचारलं नाही."

त्यानं मान हलवली. ती हलवत राहिला. त्याचे खांदे खाली आले, पण त्यात राग नव्हता. फार दिवस हातात धरलेलं वजन कुठं ठेवावं हे न कळून ते खालीच ठेवलं, तसं काहीसं. बाई स्टुलावरून उठल्या आणि मोरीशी, त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आईनं जे म्हटलं होतं ते त्यांना म्हटलं होतं. त्यांच्याच कानाशी. आणि ते ऐकायला त्या तिथं नव्हत्या, तरी त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असणार.

"मग मी काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"कधी?"

"तिनं, मला ने, म्हटल्यावर. तूच होतास ना मी. मग मी काय म्हणाले तिला?"

हे भावाला कुणी विचारलं नव्हतं, उघड होतं, आणि त्यानं स्वतःलाही विचारलेलं नव्हतं. त्याची गोष्ट आईच्या वाक्यापाशी संपत होती, इतकी वर्षं तिथंच संपत आली होती. त्यापुढं काही होतं हे आठवायलाच त्याला वेळ लागला. बाहेर शिपाईमामा वर्गांची दारं लावत चालले होते, एक एक कडी पडत होती.

"नेते म्हणालीस," तो हळूहळू म्हणाला. "उद्याच नेते म्हणालीस. आणि... छोट्यालाही घेऊ बरोबर, असं म्हणालीस. माझ्या तोंडून निघून गेलं ते."

"मग?"

"मग काय. हसली जराशी. म्हणाली, त्याला काय बोलवायचंय, तो येतोच मागनं. नंतर बोललीच नाही. हात तेवढा होता हातात, संपेपर्यंत."

"काय म्हणाली?"

"सांगितलं ना."

"परत सांग," बाई म्हणाल्या. "ती म्हणाली तसंच सांग."

त्यानं तोंड उघडलं. त्यानं आजवर सगळ्यांच्या नकला केल्या होत्या, आईची मात्र बाईंनी कधी ऐकली नव्हती. मोरीच्या कडेला दोन्ही हात टेकून, खाली पाण्याकडे बघत, त्यानं ते म्हटलं, आणि या खेपेला ते आईच्या आवाजात आलं.